खाद्यपदार्थ विक्री केंद्र : पदार्थांची निवड

महिला बचत गटाच्या हाती थोडे भांडवल आले की, खाद्यपदार्थ विक्री केंद्र सुरू करण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. स्वयंपाकाचे कौशल्य घरचेच असते, यंत्रसामग्रीही फारशी लागत नाही. तथापि, चवदार पदार्थ करणारी केंद्रेही कधी कधी अल्पावधीत बंद पडतात. काय विकावे, याचा पुरेसा विचार न होणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

उरलेल्या मालाचा हिशेब

समजा, एका केंद्राने पोळीभाजीचे ५० डबे केले. प्रत्येक डब्यास ३० रुपये खर्च आला व विक्रीची किंमत ५० रुपये ठेवली. सर्व डबे खपल्यास १,००० रुपये नफा होतो. १० डबे उरल्यास तो निम्म्यावर येतो आणि २० उरल्यास काहीच हाती लागत नाही. गटातील स्त्रियांचे दिवसभराचे श्रम अशा वेळी वाया जातात आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. यास्तव पदार्थांची यादी लांबलचक न ठेवता मोजकी ठेवणे हिताचे ठरते.

आधी गिऱ्हाईक, मग पदार्थ

केंद्रावरून कोण, किती वाजता जातो, याची आठवडाभर नोंद करावी. कचेरीतून घरी परतणाऱ्यास सायंकाळी पोळीभाजी हवी असते, एस. टी. स्थानकावरील प्रवाशास वाटेत सांडणार नाही असा कोरडा पदार्थ लागतो. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक कोण व त्याच्या जेवणाची वेळ कोणती, हे पक्के ठाऊक असे. अशाच स्त्रियांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

एका पदार्थावर भर देऊनही मोठा व्यवसाय उभा राहू शकतो. गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन १९५९ साली सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पापड टिकाऊ असल्याने आज न खपलेला माल उद्या विकता येतो, हा त्यातील मोठाच लाभ.

ताजे आणि टिकाऊ

आरंभी दोन-तीन ताजे पदार्थ व तितकेच टिकाऊ पदार्थ पुरेत. दोहोंस एकच कच्चा माल चालल्यास अधिक बरे. भाजणीचे गरम थालीपीठ जागेवर विकता येते आणि तीच भाजणी पाकिटातूनही देता येते. मेतकूट, लोणचे, पापड यांची जोड दिल्यास ताज्या मालातील चढउतार सोसणे सुलभ होते. ओल्या नारळाचे वाटण घातलेले पदार्थ उन्हाळ्यात लवकर आंबतात. ते मागणीपुरतेच करावेत.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये छोट्या विक्रेत्यासही नोंदणी आवश्यक आहे. पाकिटावर घटक पदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख इत्यादी तपशील छापावा लागतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी केंद्रास वर्दळीची जागा व स्वच्छ पाणी मिळवून द्यावे. शिक्षकांनी केलेले, खपलेले व उरलेले नग अशी तीन रकान्यांची वही गटास घालून द्यावी. महिनाभराने कोणता पदार्थ ठेवावा आणि कोणता वगळावा, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.