संदर्भांची गणती आणि संशोधकाची योग्यता

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे मुलांचे व त्यांच्या वडीलमंडळींचे डोळे प्रथम एकाच रकान्याकडे वळतात. तो गुणांच्या बेरजेचा. विद्वानांच्या जगांतही आतां असा एक रकाना निर्माण झाला आहे. संशोधकानें किती निबंध प्रसिद्ध केले व इतरांनीं त्यांचा उल्लेख किती वेळां केला, याची मोजदाद करून त्याची योग्यता ठरविण्याचा प्रघात पडला आहे. त्यावर कितपत भिस्त ठेवावी, हें आम्ही एका उदाहरणानें वाचकांपुढें मांडतों.

ज्यांच्या कार्याच्या आधारें आपण पुढें गेलों त्यांचे निबंध संशोधक आपल्या लेखाच्या शेवटीं नमूद करतो. हें विद्येचें ऋण मान्य करणें होय. अशा सर्व उल्लेखांची सूची करावी, ही कल्पना अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं मांडली व १९६४ सालीं ती सूची प्रसिद्ध झाली. पुढें २००५ सालीं होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक अंक सुचविला. ज्याच्या निदान दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला असेल, पण अकरा निबंधांचा प्रत्येकीं निदान अकरा वेळां झाला नसेल, त्याचा अंक दहा.

आतां आमचें उदाहरण. जी. एन. रामचंद्रन (१९२२–२००१) हे मद्रास विश्वविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. कातडें, हाडें व कंडरा यांत कोलॅजन नांवाचें प्रथिन असतें. त्याची घडण तीन पदर वळलेल्या दोरासारखी आहे, असें त्यांनीं व गोपीनाथ कार्था यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें १९५४ व १९५५ सालीं प्रतिपादन केलें. केंब्रिज येथील रिच व क्रिक यांस तीन पदर मान्य होते. परंतु या रचनेंत कांहीं परमाणु एकमेकांच्या फाजील निकट आले आहेत, असा आक्षेप त्यांनीं घेतला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आक्षेप घेणाराही मूळ निबंधाचा उल्लेख करतोच. आणि सूचीच्या हिशेबीं स्तुति व खंडन यांचें मोल सारखेंच!

या वादांतून रामचंद्रन मूळ प्रश्नाकडेच वळले: दोन परमाणु एकमेकांच्या किती जवळ येऊं शकतात? प्रथिनाची साखळी प्रत्येक दुव्यापाशीं दोन ठिकाणीं फिरूं शकते. हे दोन कोन आडव्या व उभ्या रेषांवर मांडून, कोणत्या स्थितींत परमाणु एकमेकांवर आदळतात हें त्यांनीं सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह गणितानें काढलें. नकाशाचा बहुतेक भाग निषिद्ध ठरला; थोडीं बेटें तेवढीं मोकळीं राहिलीं. हा निबंध १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. तो अवघ्या पांच पानांचा होता. आज नव्या प्रथिनाची रचना कोणी मांडली, तर ती या नकाशावर ताडून पाहण्याचा परिपाठ आहे.

अशा या निबंधास गणतींत किती स्थान मिळतें? हिर्शच्या अंकांत त्यानें फार तर एकाचीच भर पडते, मग त्याचे उल्लेख हजारों असोत. शिवाय 'रामचंद्रन-नकाशा' हें नांव इतकें रूढ झालें आहे कीं, पुष्कळ लेखक तें वापरतात, पण मूळ निबंध नमूद करीत नाहींत. कीर्ति सर्वत्र पसरली म्हणजे गणती उलट मागें पडते! दुसऱ्या बाजूस, प्रथिनाचें प्रमाण मोजण्याची रीति सांगणारा लॉरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ सालचा निबंध घ्या. त्याचे उल्लेख ३,००,००० हून अधिक झाले आहेत. तो उपयुक्त खराच. परंतु तेवढ्यावरून विज्ञानांतील सर्वांत थोर शोध तोच, असें कोणी म्हणणार नाहीं.

म्हणून ही गणती निरुपयोगी आहे असें मात्र नव्हे. कोणाचें काम कोणाच्या उपयोगीं पडलें, याचा माग तिनें लागतो. परंतु त्या कामाची योग्यता जाणावयाची तर निबंधच उघडून वाचावा लागतो. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासही हाच न्याय लागू आहे. तें हातीं आल्यावर वडीलमंडळींनीं बेरीज अवश्य पाहावी. पण त्यानंतर मुलाची वही मागून घ्यावी व यंदा तुला नवीन काय उमगलें, कोणती चूक तूं आपण होऊन शोधून काढलीस, हें विचारावें. रामचंद्रन यांचा नकाशा अशाच एका आक्षेपाच्या पोटीं जन्मला होता.