औषधाची ओळख : नाव, क्रमांक आणि नोंद

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साठा नोंदवहीत ‘पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम – १०’ अशी नोंद असली, तर त्या दहा गोळ्या समजावयाच्या, दहा पट्ट्या की दहा खोकी? लिहिणाऱ्यास ते ठाऊक असते. परंतु जिल्हा भांडारात हीच गोळी व्यापारी नावाने व खोक्यांच्या हिशेबाने नोंदलेली असली, तर दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांचा मेळ बसत नाही. मग एका ठिकाणी तुटवडा भासतो आणि दुसरीकडे त्याच गोळ्यांची मुदत संपून जाते.

ही अडचण दूर व्हावी म्हणून जीएस-१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीनुसार प्रत्येक वस्तूस स्वतंत्र क्रमांक दिला जातो. तो जास्तीत जास्त १४ अंकांचा असतो. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे वाचनातील चूक बहुधा तत्काळ ध्यानी येते. पट्टी, खोके व मोठी पेटी यांचे क्रमांक निरनिराळे असतात. साहजिकच ‘दहा म्हणजे काय’ हा वाद उरत नाही.

क्रमांक मात्र स्वतः काहीच बोलत नाही. औषधाचे नाव, मात्रा, उत्पादक, वेष्टनातील गोळ्यांची संख्या ही माहिती उत्पादकाने सामाईक सूचीत भरावयाची असते आणि पुरवठादार, भांडार व रुग्णालय यांनी तीच वापरावयाची असते. गोळ्यांची संख्या बदलल्यास नवा क्रमांक द्यावा, असा दंडक आहे. तो पाळला गेला नाही, तर यंत्र जुनीच माहिती निमूटपणे दाखवीत राहील. संगणक आला म्हणजे नोंदी शुद्ध झाल्या, असे मानणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आपल्या देशात औषध नियम, १९४५ मध्ये २०२२ साली दुरुस्ती करण्यात आली. तीनुसार १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० प्रमुख व्यापारी नावांच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे मूळ व व्यापारी नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक इतका तपशील त्यात असतो.

यांतील बॅच क्रमांकाचे मोल एखादी बॅच सदोष ठरते तेव्हा कळते. त्या बॅचच्या पट्ट्या कोणत्या उपकेंद्रात गेल्या, हे नोंदीवरून सांगता आले, तर तेवढ्याच परत मागविता येतात. नोंदवहीत केवळ औषधाचे नाव असेल, तर एकतर त्या औषधाचा सगळाच साठा अडवून धरावा लागतो, नाहीतर उपकेंद्राच्या कपाटातील एकेक पट्टी हाती घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावी लागतात. आणि तोवर काही पट्ट्या रुग्णांच्या घरी गेलेल्या असतात.