कोयरी, कात्री आणि भूमिती

ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमध्ये कटोरी बसवायची कसरत आपण साऱ्याजणींनी केलेली असते, नाही का? आमच्या बचत गटाला कापडी पिशव्यांचं काम मिळालं, प्रत्येकीवर कोयरीचा पॅच. पण नफा सगळा कात्रणातच जायला लागला!

म्हणून चिकलठाणा एमआयडीसीत, लेझरने पत्रा कापणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही चौघी गेलो. ऑपरेटर मुलीने कोयरी संगणकात घेतली, तर काठावर शेकडो ठिपके. इतक्या ठिपक्यांवर मशीन अडखळतं म्हणे. मग दोन ठिपक्यांत दोरा ताणलाय असं समजायचं. दोऱ्यापासून सर्वांत लांबचा ठिपका ठरवलेल्या अंतराच्या आत असेल, तर मधले सगळे पुसायचे. नसेल तर तो ठेवून दोन्हीकडे पुन्हा तेच. ही रीत रामर यांनी १९७२ मध्ये आणि डग्लस-पॉयकर यांनी १९७३ मध्ये मांडली. डग्लस-पॉयकरांची तर नकाशातल्या रेषांसाठी!

तुकडे एकमेकांवर चढत नाहीत ना, हे झटकन बघायला आकाराभोवती रबरबँड ताणल्यासारखी रेष धरतात. पण तेवढ्यावरच थांबलं तर कोयरीच्या बाकातली जागा वाया जाते. तिथे दुसरीचं टोक बसवायला खरी रेष लागतेच. सोपी केलेली रेष आत सरकता कामा नये, थोडी बाहेरच ठेवायची. आपण शिलाईला माया सोडतो तशी.

घरी येऊन पुठ्ठ्याचे साचे उलटसुलट मांडले. मीटरमागे चार कोयऱ्या जास्त निघाल्या! एकतर्फी प्रिंटच्या कापडात मात्र उलटी कोयरी चालत नाही, तिथे अजून अडलंय.