अॅल्युमिनियमचा जोड : नव्या हातांसाठी चार शब्द

आर्क वेल्डिंगने लोखंड जोडायला शिकलेले आपले अनेक होतकरू तरुण अॅल्युमिनियमचा पत्रा समोर आला की मागे सरतात. हे काम फक्त जुन्या कारागिरांचे, असा समज आपल्यात रूढ झाला आहे. तो दूर व्हावा आणि आमच्या विद्यार्थ्यांनी हे कसब आत्मसात करावे, या हेतूने येथे थोडी माहिती देत आहोत.

टिग पद्धतीत टंगस्टनच्या टोकातून ठिणगीची ज्योत, म्हणजे आर्क निघते. टंगस्टन स्वतः वितळत नाही. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून आर्गॉन वायू सोडतात आणि भरणीचा रॉड दुसऱ्या हाताने देतात. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत विकसित केली. १९४२ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्या वेळी आर्गॉनऐवजी हेलियम वापरीत.

अॅल्युमिनियम अवघड का जाते? याला तीन कारणे आहेत. पहिले, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, तर हा थर २००० अंशांच्याही वर. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच राहते. दुसरे, हा धातू उष्णता लोखंडापेक्षा फार वेगाने पसरवतो. म्हणून सुरुवातीला पत्रा तापत नाही आणि एकदा तापला की भोक पडायला वेळ लागत नाही. तिसरे, वितळण्यापूर्वी तो लोखंडासारखा लाल होत नाही. त्यामुळे रंगावरून अंदाज घेण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे एसी करंट. टंगस्टन धन असताना ऑक्साइडचा थर फुटतो आणि ऋण असताना कामाला खोलवर उष्णता मिळते. एसीमध्ये ही अदलाबदल सेकंदाला अनेक वेळा होते. परंतु मशीनच्या भरवशावर घाणेरडा पत्रा जोडू नये. आधी अॅसिटोनने तेल पुसावे, नंतर केवळ अॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासावे. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या कामावर आर्क कधीही मारू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

सरावासाठी ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा, २.४ मिलिमीटरचे टंगस्टन आणि सुमारे १२० अॅम्पियर करंट घ्यावा. शुद्ध आर्गॉन मिनिटाला ७ ते १० लिटर पुरतो. पहिले काही दिवस रॉड हातात घेऊच नये. टॉर्च किंचित मागे कलती धरून पुढे ढकलीत न्यावी आणि आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी ठेवावी. काही क्षणांत आरशासारखे चकचकीत डबके दिसेल. ते दिसेपर्यंत थांबायचे आणि दिसल्यावर पुढे सरकायचे, एवढेच आधी जमवावे. मग ४०४३ जातीचा रॉड डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवून लगेच मागे घ्यावा. त्याचे टोक वायूच्या आवरणातच राहू द्यावे. पत्रा तापत जाईल तसा पेडलने करंट कमी करावा. शेवटी एकदम सोडू नये. खड्डा भरून करंट हळूहळू उतरवावा, नाहीतर तेथेच तडा जातो.

टंगस्टन डबक्यात बुडाले तर काम थांबवून ते घासून घ्यावे. जोडात बारीक छिद्रे आढळली तर ओल, तेल किंवा अपुरा वायू यांचा शोध घ्यावा. जोड दिसायला सुंदर असला तरी तेवढ्याने भागत नाही. सरावाचा तुकडा वाइसमध्ये धरून वाकवून, मोडून पाहावा. ६०६१ सारख्या जातीत जोडाभोवतालची ताकद कमी होते, तर २०२४ व ७०७५ या जातींना नेहमीच्या पद्धतीने जोडल्यास तडे जातात. म्हणून धातूची जात विचारल्याशिवाय काम घेऊ नये. त्या जोडावर उद्या कुणाचा जीव अवलंबून असू शकतो.

डोळे आणि फुप्फुसे पुन्हा मिळत नाहीत, हे विसरू नये. १० ते १२ नंबरची काच, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि हातमोजे आवश्यकच आहेत. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने बंद टाकीत किंवा खड्ड्यात साचून माणूस गुदमरतो. तेथे हवा खेळती असल्याशिवाय उतरू नये. सिलिंडर साखळीने बांधलेला असावा.

आयटीआयमधील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. पण हाताला वळण सरावानेच लागते, आणि पत्रा, वायू यांचा खर्च गरीब विद्यार्थ्याला झेपत नाही. आपल्या सभासदांपैकी जे वर्कशॉपमध्ये काम करतात, त्यांनी मालकाच्या परवानगीने भंगारातले तुकडे आणि आठवड्यातला एक तास एखाद्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांनीही पहिली दहा भोके पडली म्हणून खचू नये. हे कसब एकदा हाताला लागले, की ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही.