रोटरीचा रेडिएटर: वाऱ्याच्या वाटेचा मागोवा

वाँकेल म्हणजेच रोटरी इंजिनाच्या टीकाकारांनी रोटरच्या टोकांवरच्या सीलबद्दल जेवढी शाई खर्च केली, तिच्या पावपटही रेडिएटरच्या वाट्याला आली नाही. मला हा अन्याय वाटतो. गेल्या साठ वर्षांत या इंजिनावर भरवसा ठेवणाऱ्यांची झोप सीलइतकीच उष्णतेनेही उडवली आहे.

अडचण मुळातच आहे. साध्या इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये जाळ होतो, त्यातच पुढच्या फेरीला थंड हवा-पेट्रोल शिरतं. वाँकेलमध्ये जाळाची जागा कायम एकच आणि थंड मिश्रण शिरण्याची जागा भलतीकडे. हाउसिंगची, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाची, एक बाजू सतत भाजते, दुसरी गारच राहते. त्यात मधल्या रोटरपर्यंत पाणी पोचवता येत नाही, म्हणून तिथे तेल फवारायचं. 1964 च्या एनएसयू स्पायडरपासून हीच घडी बसली: हाउसिंगला पाणी, रोटरला तेल. ढोबळमानाने बाहेर काढायच्या उष्णतेपैकी तिसरा हिस्सा तेलाकडे जातो. तरीही नवखा माणूस रेडिएटर मोठा घेतो आणि ऑइल कूलरवर पैसे वाचवतो.

रस्त्यावर हे खपतं. गाडी एरवी ताकदीच्या लहानशा हिश्श्यावरच धावते. शर्यतीत आणि विमानात मात्र इंजिन तासन्‌तास जोरात चालतं, आणि विमानाचा खरा कस चढताना लागतो: ताकद पूर्ण, वेग कमी, म्हणजे वाराही कमी.

खरं तर याचं उत्तर वाँकेलच्या आधीच सापडलेलं होतं. फार्नबरोच्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिलं की रेडिएटरकडे येणारा वारा पसरत्या डक्टमधून आधी मंदावायचा, मग तापवायचा आणि निमुळत्या तोंडातून वेगाने बाहेर सोडायचा. असं केलं की रेडिएटरचा अडथळा बराचसा भरून निघतो. मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर याच विचारातला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर छोटी विमानं जवळपास सगळी हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर गेली आणि ही विद्या फायलींत पडून राहिली.

मोटारींत तिची आठवण उशिरा झाली. माझ्दाच्या 767 या शर्यतीच्या गाडीत रेडिएटर चालकाच्या दोन्ही बाजूंना होते. 1990 च्या 787 मध्ये ते एकत्र करून नाकात आणले, वारा खालून आत घेतला आणि विंडस्क्रीनच्या अगदी पुढे बाहेर सोडला. त्या वर्षी ल मान्समध्ये दोन्ही 787 शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. पुढच्या वर्षी 787बी ने चार रोटरचं, सुमारे 700 अश्वशक्तीचं इंजिन चोवीस तास पळवून शर्यत जिंकली. शेवटच्या टप्प्यात चालवणारा जॉनी हर्बर्ट मात्र अंगातलं पाणी आटल्यामुळे पोडियमवर जाऊ शकला नाही. इंजिन टिकलं, माणूस तापला!

विमानांची कथा अधिक मजेची. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांनी भंगारातल्या माझ्दा आरएक्स-7 गाड्यांमधलं 13बी हे रोटरी इंजिन उचललं. रेडिएटर म्हणून अनेकांनी जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या एसीतले इव्हॅपोरेटर वापरले. ते स्वस्त होते, ॲल्युमिनियमचे होते आणि जाड होते. मोटारवाल्यांना ही जाडी खटकली, कारण त्यांना पातळ आणि पसरट कोअरची, म्हणजे रेडिएटरच्या जाळीदार गाभ्याची, सवय. पण विमानाच्या वेगात वाऱ्याला दाब भरपूर असतो, तिथे छोटं तोंड आणि जाड कोअर चालतो, मात्र डक्ट नीट हवा. वाद पुष्कळ झाले, पण बहुतेक कोअरच्या आकारावरच. बाहेर पडायच्या वाटेकडे फार थोड्यांचं लक्ष होतं. इंजिनाच्या कप्प्यातच दाब साचला, तर पुढचं तोंड कितीही मोठं करा, काटा लालच राहणार.

शहाण्यांनी मग पारदर्शक नळीत पाणी भरून कोअरच्या पुढचा आणि मागचा दाब उड्डाणातच मोजायला घेतला. दोन्हींत फरक पुरेसा दिसला नाही, तर आधी बाहेरचं तोंड मोठं करायचं, नवा रेडिएटर नंतर.