छोट्या इंजिनात डिझेलची धडधड

पनवेल स्थानकावर कोकणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना डिझेल इंजिनाची धडधड वर्षानुवर्षे परिचित होती. रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले. गाड्यांना विजेची इंजिने जोडली गेली आणि ती धडधड विरळ होत गेली. तो आवाज घरात जपण्याचा एक मार्ग मात्र रेल्वे प्रतिकृतींच्या छंदाने खुला केला आहे.

महाराष्ट्राला हा छंद नवा नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात प्रतिकृती मूळ गाडीच्या १/८७ आकाराची असते.

जुन्या पद्धतीत अशा गाडीच्या रुळांना शून्य ते बारा व्होल्टची वीज पुरवतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. परंतु एकाच रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही एकदमच धावू लागतात आणि गाडी थांबली की तिचे दिवेही विझतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘लेन्झ’ या जर्मन कंपनीच्या प्रणालीवर आधारित ‘डिजिटल कमांड कंट्रोल’चे प्रमाणक ठरवले. यात रुळांना सतत सुमारे पंधरा व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याची दिशा क्षणोक्षणी बदलते. दोन बदलांमधील काळ ५८ मायक्रोसेकंद असेल तर ‘एक’, सुमारे १०० असेल तर ‘शून्य’, अशा लिपीत आज्ञा पाठवल्या जातात. इंजिनातील डिकोडर नावाची चिमुकली पट्टी या आज्ञा वाचते. प्रत्येक डिकोडरला स्वतंत्र क्रमांक असल्याने ज्याच्या नावे आज्ञा असेल तोच ती पाळतो.

डिकोडर बसवण्यापूर्वी इंजिन जुन्या पद्धतीवर सुरळीत धावते का, हे पाहावे. चाके क्षणभर अडवून मोटर किती विद्युतप्रवाह ओढते ते मोजावे. डिकोडरची क्षमता त्याहून अधिक हवी. सर्वांत महत्त्वाची खबरदारी मोटरची. जुन्या इंजिनांत मोटरचे एक टोक धातूच्या सांगाड्याला आणि त्यामार्फत रुळाला जोडलेले असते. ते तसेच राहिले तर डिकोडर जळतो. म्हणून मोटर पूर्णपणे अलग करून मल्टिमीटरने खात्री करावी. त्यानंतर लाल व काळी तार रुळांकडील, नारिंगी व करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी दिव्यांची सामाईक, असा क्रम पाळावा. पहिली चाचणी मर्यादित विद्युतप्रवाहाच्या, क्रमांक देण्यासाठी राखलेल्या रुळावरच घ्यावी. जोडणीत चूक असली तरी तेथे डिकोडर सहसा बचावतो.

आवाजाच्या डिकोडरला स्पीकरही लागतो. तो उघडा ठेवला तर पुढच्या आणि मागच्या बाजूच्या ध्वनिलहरी परस्परांना मारक ठरतात. म्हणून त्याला मागून बंद डबी हवी. रूळ किंवा चाके मळली की वीज तुटते आणि आवाज अडखळतो. पनवेलसारख्या दमट हवेत ही स्वच्छता विशेष जपावी लागते. जोडीला छोटा कपॅसिटर बसवल्यास तो क्षणभराची तूट भरून काढतो.

आपल्याकडील ‘डब्ल्यूडीएम-२’ या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे हृदय म्हणजे अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीचे सोळा सिलिंडरचे ‘२५१’ यंत्र. त्याचे परदेशात ध्वनिमुद्रित केलेले आवाज तयार मिळतात आणि धडधड बरीच जुळते. भोंगा मात्र परका वाटतो. काही डिकोडरांत स्वतःचे ध्वनिमुद्रणही भरता येते. परंतु अल्को जातीची इंजिने भारतीय रेल्वेतून झपाट्याने निवृत्त होत आहेत. डिकोडर उद्याही विकत मिळेल. आवाज मात्र उरलेली इंजिने धावत आहेत तोवरच टिपून घ्यायला हवा.