घाट उतरलेला, शहरात न पोहोचलेला रस्ता

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी सिडनी आणि तिच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर समुद्रकाठी वसलेले वुलनगाँग हे पोलादनगर यांच्या दरम्यान धावणाऱ्या द्रुतगती मार्गाचे अधिकृत नाव २०१३ पासून ‘एम-१ प्रिन्सेस मोटरवे’ असे असले, तरी जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात तो अजूनही ‘एफ-६’ असतो. यातील ‘एफ’ हे अक्षर ‘फ्रीवे’चे असून ‘फ्री’ म्हणजे फुकट असा तेथे अर्थ नसतो. ज्या मार्गावर चौक, सिग्नल आणि रेल्वे फाटक नसतात आणि ज्यावर ठरावीक जोडरस्त्यांवरूनच चढता-उतरता येते, त्याला फ्रीवे म्हणतात. वाहनचालकाला अडथळ्यांतून मिळणारी ही मोकळीक पैसे भरूनच घ्यावी लागत होती, हा या मार्गाच्या इतिहासातील एक गमतीचा भाग होय.

या रस्त्याचा आकार ठरवला तो इलवारा नावाच्या डोंगरकड्याने. सह्याद्री पश्चिमेकडे कोकणात तुटतो, तर हा कडा पूर्वेकडे, थेट प्रशांत महासागराच्या काठावर तुटतो. सह्याद्री लाव्हाच्या कातळाचा, तर याचा माथा वालुकाश्माचा आणि त्याखालच्या थरांत दगडी कोळसा. कड्याच्या तोंडावरच कोळशाचे पट्टे उघडे पडलेले असल्यामुळे १८४९ पासून येथे खोल विहिरी न खणता डोंगराच्या पोटात आडवे बोगदे मारून खाणकाम करता आले. त्याची किंमतही मोठी होती. १८८७ मध्ये बुलाय येथील स्फोटात ८१ आणि १९०२ मध्ये माउंट केम्ब्ला येथील स्फोटात ९६ माणसे दगावली.

समुद्रावरून येणारे दमट वारे या भिंतीला धडकून वर चढतात आणि मुसळधार पाऊस पाडतात, त्यामुळे कड्याच्या पायथ्याची माती सरकणे आणि दरडी कोसळणे हे येथील वाहतुकीचे जुने दुखणे आहे. किनाऱ्याला चिकटून जाणारा लॉरेन्स हारग्रेव्ह मार्ग दरडींमुळे २००३ मध्ये बंदच करावा लागला आणि २००५ च्या अखेरीस त्याच्या एका भागाऐवजी ६६५ मीटर लांबीचा पूल थेट समुद्रावर बांधून वाहतूक कड्यापासून दूर नेण्यात आली. १८८८ पासून सिडनीला थेट जोडलेला लोहमार्गही याच अरुंद पट्टीतून वाट काढतो.

कोळशाच्या गावांचे पोलादनगर झाले ते १९२८ मध्ये. ब्लू माउंटन्स डोंगरांपलीकडील लिथगो येथे पोलाद गाळणाऱ्या हॉस्किन्स कुटुंबाने आपला व्यवसाय त्या वर्षी पोर्ट केम्ब्ला बंदरावर आणला. झोतभट्टीसाठी, म्हणजे ज्या उंच भट्टीत तापलेल्या हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवून काढतात तिच्यासाठी, लागणारा कोकिंग कोळसा येथे दाराशी होता आणि लोहखनिज दक्षिण ऑस्ट्रेलियातून जहाजाने थेट धक्क्यावर उतरवता येत होते. १९३५ मध्ये हा कारखाना बीएचपी या बलाढ्य कंपनीच्या हाती गेला आणि पुढच्या दशकांत तो देशातील सर्वांत मोठा पोलाद प्रकल्प बनला.

दुसऱ्या महायुद्धात हे सारे उत्पादन एका अरुंद लोहमार्गावर आणि एक-दोन वळणावळणाच्या घाटरस्त्यांवर अवलंबून असणे धोक्याचे वाटू लागले आणि १९४२ मध्ये संरक्षणाच्या गरजेतून माउंट औसली हा नवा घाटरस्ता डोंगरात कोरण्यात आला. आजच्या द्रुतगती मार्गाचा कणा हाच युद्धकालीन घाट आहे. त्यामुळे या मार्गाची मूळ चाल प्रवाशाच्या सोयीची नसून कारखान्याच्या आणि सैन्याच्या निकडीची आहे, हे विसरून चालत नाही. बोरघाटातून अवजड वाहने उतरताना पाहिलेल्यांना येथील अडचण समजावून सांगावी लागणार नाही: सलग उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून ट्रकांना येथे खालच्या गिअरमध्ये, मोटारींपेक्षा बऱ्याच कमी वेगाने उतरावे लागते.

घाटमाथ्यावरचा सरळ, प्रशस्त भाग मात्र बराच उशिरा आला. वॉटरफॉल या उपनगरापासून बुलाय घाटाच्या माथ्यापर्यंतचा फ्रीवे १९७५ मध्ये खुला झाला आणि त्यावर २० वर्षे, म्हणजे १९९५ पर्यंत, टोल आकारला गेला. ज्यांना तो चुकवायचा असे ते शेजारून जाणारा जुना प्रिन्सेस हायवे धरत. १९२० मध्ये ब्रिटिश युवराजाच्या भेटीच्या निमित्ताने त्या रस्त्याला हे नाव मिळाले होते. पठारावरील मार्गालगतचा बराच प्रदेश सिडनी आणि इलवारा यांच्या पिण्याच्या पाण्याचे राखीव पाणलोट क्षेत्र असल्याने तेथे वस्तीला परवानगी नाही. दोन गजबजलेल्या शहरांच्या मध्ये कित्येक किलोमीटर नुसते रान लागते, याचे कारण हे.

दरम्यान रस्त्यावरची गर्दी बदलली. १९८० च्या सुमारास पोलाद प्रकल्पात २० हजारांहून अधिक माणसे कामाला होती. १९८२ च्या मंदीत मोठी कामगारकपात झाली आणि नंतर यांत्रिकीकरणाने उरलेली संख्याही घटत गेली. ज्या गावाकडे देशोदेशीचे कामगार येत होते, त्या गावातून आता रोज सकाळी हजारो नोकरदार सिडनीकडे निघतात. अवजड वाहतूक मात्र कमी झाली नाही, कारण २००८ मध्ये सिडनी बंदरातील परदेशी मोटारींची आयात पोर्ट केम्ब्ला येथे हलवण्यात आली आणि त्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रक घाट चढू लागले. हा भार हलका करू शकला असता असा माल्डन ते डोम्बार्टन लोहमार्ग १९८३ मध्ये सुरू होऊन १९८८ मध्ये अर्धवट सोडण्यात आला. घाटातून ट्रक हटवण्याचा सर्वांत सरळ उपाय हाती घेऊन टाकून दिला गेला, असेच याबद्दल म्हणावे लागते.

सिडनीच्या बाजूचे कोडे वेगळेच आहे. १९५१ च्या नगररचना आराखड्याने शहराच्या दक्षिण उपनगरांतून या फ्रीवेसाठी जमिनीचा पट्टा राखून ठेवला, पण तेथे फ्रीवे झालाच नाही. १९७० च्या दशकात शहराच्या गाभ्यातून द्रुतगती मार्ग नेण्याला कडाडून विरोध झाला आणि १९७७ मध्ये राज्य सरकारने अशा अनेक योजना मोडीत काढल्या. दक्षिणेकडील राखीव पट्ट्यावर मैदाने, भाजीमळे आणि पाणथळी टिकून राहिल्या. रस्त्यासाठी अडवलेली जमीनच परिसराची हिरवाई बनली. तिला धक्का लागू नये म्हणून आता ‘एम-६’ या नावाने आर्नक्लिफ ते कोगरा असा सुमारे चार किलोमीटरचा जोडबोगदा खणला जात आहे, परंतु मार्च २०२४ मध्ये रॉकडेल परिसरात जमीन खचून खड्डे पडले आणि त्या भागातील खोदकाम थांबवावे लागले. बोगदा पुरा झाला तरी कोगरा आणि वॉटरफॉल यांमधले अंतर उरतेच, आणि कडा चढून पठार ओलांडून आलेल्या वाहनाला हीथकोट, एंगडीन आणि सदरलंड येथील सिग्नलांपाशी आजही थांबावे लागते.